काम सांभाळून पदवी : चंद्रपूर व गडचिरोलीच्या वनभागातील प्रौढ विद्यार्थी

धानाची चुरणी आटोपून पोती घरात आली म्हणजे चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या हातास थोडी उसंत मिळते. याच सुमारास ग्रामपंचायतीच्या कचेरीत एक प्रश्न वारंवार विचारला जातो. 'बारावी होऊन दहा वर्षे झाली. आता या वयात पदवी घेता येईल काय?' विचारणाऱ्यांत अंगणवाडी सेविका असते, वनरक्षक असतो, ग्रामसभेच्या बांबू-तेंदूचा हिशेब ठेवणारा तरुण असतो आणि दोन एकर बांधी कसणारा, मुले शाळेत जाऊ लागलेला शेतकरीही असतो. या प्रश्नास होकार देणे सोपे आहे, आणि तो होकार खराही आहे. परंतु त्याबरोबर किती वर्षे, किती तास, कोणते विद्यापीठ व कोणते कागद या गोष्टी सांगितल्या नाहीत, तर एक-दोन वर्षांची फी भरून अभ्यास सोडून देणाऱ्यांत आणखी एकाची भर पडते. गावपातळीवरील कार्यकर्त्यास या बाबतीत नेमका सल्ला देता यावा, या हेतूने येथे काही माहिती दिली आहे.

शिक्षण कोठे सुटते

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या क्षेत्रापैकी सुमारे तीन-चतुर्थांश भाग वनाखाली आहे. आश्रमशाळेमुळे दहावी-बारावीपर्यंतचे शिक्षण अनेकांच्या आवाक्यात आले. मात्र त्यापुढील महाविद्यालय तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या गावी असते आणि तेथे राहण्याचा खर्च प्रत्येक घरास पेलवत नाही. भामरागडसारख्या ठिकाणी पर्लकोटा नदीस पूर आला की पावसाळ्यात रस्ता बंद पडतो. ज्या महिन्यांत महाविद्यालयांची सत्रे सुरू होतात, तेच महिने पऱ्हे टाकण्याचे व रोवणीचे असतात. घरात काम करणारे हात मोजकेच असले म्हणजे थोरला मुलगा किंवा मुलगी शिक्षण थांबविते, आणि एकदा थांबलेले शिक्षण विवाह, मुले व कर्ज यांच्या मागे पडते. यात बुद्धीचा दोष क्वचितच असतो. म्हणूनच तिशीच्या पुढे पुन्हा पुस्तक हाती घेणाऱ्यास 'आता काय उपयोग' असे म्हणून परत पाठविणे योग्य नव्हे.

काम करणाऱ्यांसाठीचे विद्यापीठ

महाविद्यालयात न जाता पदवी मिळविण्याची कल्पना नवी नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ साली आपल्या परीक्षा बाहेरच्या विद्यार्थ्यांस खुल्या केल्या. आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले व १९७१ पासून तेथे नभोवाणी आणि दूरचित्रवाणी यांच्या साहाय्याने शिकविले जाऊ लागले. भारतातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबाद येथे निघाले. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले 'इग्नू', अस्तित्वात आले.

महाराष्ट्रात १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. प्रा. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे या विद्यापीठाचे ब्रीद आहे. विद्यार्थ्याने स्वतः वाचून समजावीत अशी मराठी पुस्तके, जवळच्या महाविद्यालयात अभ्यासकेंद्र, तेथे सुटीच्या दिवशी संपर्कसत्रे आणि शेवटी परीक्षा, असा त्याचा क्रम आहे. चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे त्याच्या नागपूर विभागीय केंद्राकडे येतात. इग्नूचेही विभागीय केंद्र नागपूरला आहे; तथापि इग्नूची पुस्तके मुख्यतः हिंदी व इंग्रजीत असतात, हे मराठीत शिकलेल्या विद्यार्थ्याने प्रवेशापूर्वी ध्यानात घ्यावे.

दोन्ही जिल्ह्यांसाठी २०११ साली गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ निघाले. तोपर्यंत येथील महाविद्यालये नागपूर विद्यापीठास जोडलेली होती. 'विद्यापीठ आपल्या गावात' हा या विद्यापीठाचा अलीकडच्या वर्षांतील उपक्रम विशेष लक्ष देण्याजोगा आहे. विद्यार्थ्याने महाविद्यालयात येण्याऐवजी कलाशाखेच्या पदवीचे वर्ग गावातच, कामाच्या वेळा सोडून घ्यावेत व समजावून सांगताना गोंडी-माडिया या बोलींचा आधार घ्यावा, अशी त्यामागील योजना आहे. गडचिरोली जिल्ह्यातील जांभळी या गावी असे वर्ग भरले. ज्या गावी शिक्षण सोडलेले दहा-पंधरा प्रौढ एकत्र येऊ शकतात, तेथील ग्रामसभेने विद्यापीठाकडे अशी मागणी करून पाहण्यास हरकत नाही. एकट्या-दुकट्या विद्यार्थ्यास मात्र मुक्त विद्यापीठाचाच मार्ग सोयीचा पडतो.

दूरस्थ पद्धतीने मिळविलेली पदवी कमी प्रतीची असते, असा समज अजूनही आढळतो. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ पदवी ही नियमित पदवीच्या बरोबरीची मानावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. ग्रामसेवकाने ही गोष्ट विचारणाऱ्यास आवर्जून सांगावी. कारण पुष्कळदा घरातील वडीलधाऱ्यांचा विरोध याच समजावर आधारलेला असतो.

शेतीची पदवी घरबसल्या मिळत नाही

शेतकरी विचारावयास येतो तेव्हा त्याची पहिली इच्छा बहुधा कृषिविषयक पदवीची असते, आणि येथेच त्याची फसवणूक होण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने आरंभीच्या दशकांत माळीकाम, फळबाग, भाजीपाला अशा विषयांचे शिक्षणक्रम शेतकऱ्यांसाठी चालविले व त्यांचा लाभ राज्यभर अनेकांनी घेतला. परंतु कृषी व उद्यानविद्या या शाखांत प्रात्यक्षिकास फार महत्त्व असल्याने या विषयांची पदवी दूरस्थ पद्धतीने देण्यास आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी मनाई केली आहे. म्हणून 'घरबसल्या बी. एस्सी. कृषी' अशी जाहिरात कोणी दाखविली, तर त्या पदवीस मान्यता आहे काय, हे कागदोपत्री पाहिल्याशिवाय एक पैसाही भरू नये.

ज्यास कृषीची पदवीच हवी आहे, त्याने नियमित महाविद्यालयात जावे. वरोरा येथील आनंद निकेतन कृषी महाविद्यालय व गडचिरोलीचे कृषी महाविद्यालय ही दोन्ही अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कक्षेत आहेत. परंतु चार वर्षे पूर्ण वेळ देणे संसारी माणसास बहुधा शक्य नसते. त्याने एक गोष्ट समजून घ्यावी. शेतीचे ज्ञान आणि शेतीची पदवी या दोन भिन्न वस्तू आहेत. ज्ञान हवे असेल तर सिंदेवाहीचे भात संशोधन केंद्र, सिंदेवाही व गडचिरोली येथील कृषी विज्ञान केंद्रे आणि त्यांची अल्प मुदतीची प्रशिक्षणे जवळ आहेत. त्यांस बारावीची अट नाही व फीही नाममात्र किंवा मुळीच नसते. बियाणे-खतांचे दुकान चालविणाऱ्यांसाठी हैदराबादच्या 'मॅनेज' या राष्ट्रीय कृषी विस्तार संस्थेने २००३ साली एक वर्षाची पदविका सुरू केली. तिचे वर्ग आठवड्यातून एक दिवस भरत असल्याने दुकान बंद ठेवावे लागत नाही. ती पदविका आहे, पदवी नव्हे.

मग काम करणाऱ्याने कोणती पदवी निवडावी? बहुतेक जण कलाशाखेकडे वळतात, कारण ती सोपी समजली जाते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यास इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र हे विषय उपयोगीही पडतात. परंतु या दोन जिल्ह्यांत वाणिज्य शाखेचा जितका विचार व्हावयास हवा तितका होत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली आपल्या वनातील बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार त्या ग्रामसभेकडे आला. त्यानंतर गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांस असे वनहक्क मिळाले. कोरची, कुरखेडा, धानोरा या भागांत ग्रामसभा स्वतः तेंदूपत्ता व बांबू विकू लागल्या. विक्री आली म्हणजे निविदा आल्या, करारनामे आले, बँकेचे खाते, आयकर, मजुरीची पत्रके व लेखापरीक्षण आले. आज हे काम बहुधा बाहेरून कोणास तरी पैसे देऊन करून घ्यावे लागते, अथवा गावातील एखादा बारावी झालेला तरुण अंदाजाने करीत असतो. हिशेबातील चूक पुढे गावातील भांडणाचे कारण होते, हे कार्यकर्त्यांस सांगावयास नकोच. अशा तरुणाने लेखाशास्त्र व वाणिज्य हे विषय घेऊन पदवी घेतली, तर तिचा उपयोग परीक्षेच्या निकालाची वाट न पाहता पहिल्या वर्षापासूनच होऊ लागतो.

तासांचा हिशेब

पदवी अर्धवट सोडणारे बहुतेक विद्यार्थी पहिल्याच वर्षात थांबतात, त्याचे कारण येथे आहे. म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० श्रेयांक लागतात, म्हणजे दरवर्षी ४०. इग्नूच्या मापाप्रमाणे एक श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे ३० तास. त्यांत वाचन, संपर्कसत्र, गृहपाठ हे सर्व आले. यावरून वर्षाला १,२०० तास होतात. आता शेतकऱ्याचे वर्ष पाहावे. पऱ्हे काढणे व रोवणी यांत जुलै-ऑगस्टचे सुमारे पाच आठवडे जातात. हलक्या धानाच्या कापणीपासून भारी धानाच्या चुरणीपर्यंत कामाची खरी धांदल सहा आठवड्यांची धरावी. तेंदूपत्त्याचे काम तीन आठवडे चालते. त्या दिवसांत पहाटे वनात जावयाचे, दुपारी पुडके बांधावयाचे व सायंकाळी फडीवर मोजून द्यावयाचे. या चौदा आठवड्यांत कोणी अभ्यास करील अशी अपेक्षा धरणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे होय. उरले ३८ आठवडे. १,२०० तास त्यांत बसवावयाचे तर आठवड्यास सुमारे ३२, म्हणजे रोज साडेचार तास पडतात. दिवसभर शेतात वा कचेरीत काम करून रोज साडेचार तास अभ्यास करणारी माणसे असतात, परंतु ती थोडी.

हेच श्रेयांक सहा वर्षांत वाटले तर वर्षाला ६०० तास होतात; ३८ आठवड्यांत आठवड्यास सुमारे १६ तास, म्हणजे रोज दोन-सव्वादोन तास. हे काम करणाऱ्या माणसास जमण्यासारखे आहे. इग्नूच्या तीन वर्षांच्या पदवीस कमाल सहा वर्षांची मुदत आहे. अन्य विद्यापीठाची मुदत त्याच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहावी. मुदत वाढली म्हणजे कधी फेरनोंदणीचे वा पुनर्परीक्षेचे शुल्कही द्यावे लागते, तेही आधीच विचारून घ्यावे. 'तीन वर्षांत पदवी' असे सांगणाऱ्याचे म्हणणे खोटे नसते. मात्र ते ज्याच्याकडे बांधी नाही आणि ज्यास तेंदूपत्त्यास जावयाचे नाही, अशा विद्यार्थ्यास गृहीत धरून केलेले असते. काम करणाऱ्याने आरंभीच सहा वर्षांचा बेत आखावा. त्यातून चार-पाच वर्षांत पदवी झाली तर उत्तमच.

मध्येच खंड पडला तरी सर्व बुडते असेही आता राहिलेले नाही. २०२१ पासून श्रेयांक पेढीची व्यवस्था झाली आहे. उत्तीर्ण झालेल्या विषयांचे श्रेयांक तेथे विद्यार्थ्याच्या नावे जमा होतात व सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंत ग्राह्य धरले जातात. नव्या धोरणात एक वर्षाच्या श्रेयांकांवर प्रमाणपत्र व दोन वर्षांच्या श्रेयांकांवर पदविका घेऊन थांबण्याचीही तरतूद आहे. बाळंतपणामुळे किंवा घरातील आजारपणामुळे थांबावे लागणाऱ्या स्त्रियांस याचा मोठा आधार आहे.

परीक्षेचा महिनाही पाहावा लागतो. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून व डिसेंबरमध्ये होतात. डिसेंबरची परीक्षा चुरणीच्या अंगावर येते. जूनच्या परीक्षेपूर्वीचा मे महिना तेंदूपत्त्यात जातो. म्हणून खरा अभ्यास जानेवारी ते एप्रिल या चार महिन्यांतच होऊ शकतो, आणि त्यांतही मोह वेचण्याच्या सकाळी वजा कराव्या लागतात. परीक्षेस मोजके विषय घ्यावेत. चार विषयांचे अर्ज भरून दोहोंस गैरहजर राहण्यापेक्षा दोनच विषय नीट द्यावेत. गृहपाठ मात्र कधीही मागे ठेवू नये. इग्नूच्या पदवीपरीक्षेत ३० टक्के भार गृहपाठास असतो, आणि तो घरी, कंदील-दिव्याच्या उजेडातही, पुस्तक समोर ठेवून लिहावयाचा असतो. परीक्षेची भीती वाटणाऱ्या प्रौढास हे गुण हातचे असतात.

वयाचाही हिशेब आहे

पदवीनंतर शासकीय नोकरी मिळेल या आशेने पुष्कळ जण प्रवेश घेतात. तलाठी, ज्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तसेच अंगणवाड्यांवरील मुख्यसेविका या पदांस पदवी लागते. राज्यसेवेच्या परीक्षेसही लागते. परंतु राज्य शासनाच्या बहुतेक पदांस सरळसेवेने प्रवेश करण्याची सर्वसाधारण कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गास ३८ व मागास प्रवर्गांस ४३ वर्षे आहे. तीस वर्षांच्या आदिवासी शेतकऱ्याने सहा वर्षांचा बेत केला तर छत्तिसाव्या वर्षी पदवी हाती येते व त्यापुढे परीक्षा देण्यास सात वर्षे राहतात. अडतिसाव्या वर्षी आरंभ करणाऱ्यास मात्र ती आशा दाखवू नये. त्याने पदवी घेऊ नये असे नाही. पण ती कशासाठी घ्यावयाची, हे त्याने आधी ठरवावे. सेवेत असलेल्याचा विचार वेगळा. त्यास खात्यांतर्गत बढतीसाठी पदवीचा उपयोग होतो काय, हे आपल्या खात्याचे सेवाप्रवेश नियम पाहूनच कळेल. शासकीय वा जिल्हा परिषदेच्या सेवकाने प्रवेशापूर्वी कार्यालयप्रमुखाची लेखी परवानगी घेऊन ठेवावी, म्हणजे पदवीची नोंद सेवापुस्तकात करताना अडचण येत नाही व परीक्षेच्या रजेचा प्रश्नही सुटतो.

बारावी झाली नसेल तर

आपल्या मुक्त विद्यापीठाने बारावी न झालेल्यांसाठी 'पूर्वतयारी' नावाचा शिक्षणक्रम काढला होता व त्या वाटेने अनेक जण पदवीपर्यंत पोहोचले. परंतु शालेय टप्पा गाळून मिळविलेल्या पदव्यांच्या ग्राह्यतेविषयी देशात न्यायालयांपर्यंत वाद गेले आहेत. यास्तव ज्यास नोकरीसाठी पदवी हवी आहे, त्याने आधी दहावी-बारावी रीतसर उत्तीर्ण होणे हितावह. त्यासाठी राज्य मंडळाचा नमुना क्रमांक १७, ज्यास सर्व जण 'सतरा नंबरचा फॉर्म' म्हणतात, तो भरून खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षा देता येते. दोन्ही जिल्हे मंडळाच्या नागपूर विभागात येतात. हा अर्ज साधारणतः पावसाळ्यात भरावयाचा असतो, म्हणजे नेमका रोवणीच्या दिवसांत. मुदत टळून वर्ष वाया जाण्याचे हेच कारण असते. ग्रामसेवकाने जून महिन्यातच इच्छुकांची नावे लिहून घेऊन शाळा सोडल्याचे दाखले मागवून ठेवावेत.

कागद व फसवणूक

सन २०२४ पासून दूरस्थ शिक्षणास प्रवेश घेताना प्रत्येक विद्यार्थ्यास श्रेयांक पेढीचा क्रमांक व दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक काढावा लागतो. हे काम ग्रामपंचायतीतील आपले सरकार सेवा केंद्रात होऊ शकते. मात्र आधारपत्रास भ्रमणध्वनी क्रमांक जोडलेला असावा लागतो. येथे एक अडचण नेहमी येते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे आणि जातप्रमाणपत्रावर तिसरे. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत तर हा गोंधळ ठरलेलाच. प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यात नाव दुरुस्त होत नाही. ते आधीच्या हिवाळ्यात करून घ्यावे व जरूर तेथे राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करावा. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याने शुल्कसवलत वा शिष्यवृत्ती यांविषयी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयात चौकशी करावी. अशी कार्यालये चंद्रपूर, चिमूर, गडचिरोली, अहेरी व भामरागड येथे आहेत.

फसवणुकीचा प्रकार बहुधा असा असतो. शहरात एखाद्या खोलीवर फलक लागतो. दुसऱ्या राज्यातील विद्यापीठाचे नाव असते. परीक्षा न देता किंवा एका वर्षात पदवी मिळेल असे सांगतात. एका राज्याचे मुक्त विद्यापीठ दुसऱ्या राज्यात अभ्यासकेंद्र चालवू शकत नाही, हा नियम सांगितला तरी यांतील पुष्कळ फलकांचा निकाल लागतो. सिरोंचाकडील तेलुगू शिकलेल्या विद्यार्थ्यास पलीकडच्या राज्यातील विद्यापीठाचा मोह पडणे साहजिक आहे. त्याने हा नियम विशेष ध्यानात ठेवावा. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो; त्या यादीत अनेक वर्षे नागपूरच्याही एका संस्थेचे नाव होते. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचे व त्या विशिष्ट शिक्षणक्रमाचे नाव, दोन्ही, त्या वर्षासाठी आहे काय हे पाहण्यास पाच मिनिटे लागतात. जाळ्याची सोय नसेल तर बाजाराच्या दिवशी तालुक्यास पाहून यावे. फी विद्यापीठाच्या खात्यातच भरावी. मध्यस्थाच्या हाती रोख देऊ नये.

भाषा आणि अभ्यासगट

गोंडी, माडिया, कोरचीकडे छत्तीसगढी, सिरोंचास तेलुगू, मुलचेऱ्याकडे बंगाली, अशा घरभाषा असलेल्या विद्यार्थ्यास पुस्तकी मराठी ही दुसरी भाषाच असते. 'सार्वभौमत्व', 'घसारा', 'सीमांत उपयोगिता' असले शब्द एकट्याने वाचताना अडतात आणि पुस्तक मिटले जाते. यावर एक उपाय याच भागात फार पूर्वीपासून चालत आला आहे. मेंढा (लेखा) येथे गावकऱ्यांनी अभ्यासगट चालविले. वन, कायदा, हिशेब यांतील एखादा विषय घेऊन गावातील व बाहेरील माणसे एकत्र बसत, प्रश्न विचारीत व समजून घेत. निर्णय तेथे होत नसे; तो ग्रामसभेत होई. त्या बैठकांचे कोणास प्रमाणपत्र मिळाले नाही. परंतु वनहक्काचा कायदा आला तेव्हा त्याची कलमे समजून घेण्याची सवय त्या गावास आधीपासून होती.

पदवीच्या विद्यार्थ्यांनीही असेच बसावे. तिघे-चौघे जरी असले तरी आठवड्यातून दोन सायंकाळी एकाने धडा वाचावा, दुसऱ्याने तो घरच्या बोलीत सांगावा आणि तिसऱ्याने त्यावर गृहपाठातील प्रश्न विचारावा. घसारा म्हणजे काय हे पुस्तकातील यंत्राच्या उदाहरणावरून कळले नाही, तर ग्रामसभेच्या ट्रॅक्टरवरून कळते. गटातील एकजण निवृत्त शिक्षक असल्यास फारच उत्तम. नसल्यास कृषी सहायक किंवा ग्रामसेवक यांनी महिन्यातून एकदा तरी जावे. ज्या ग्रामसेवकाने स्वतः नोकरी करीत पदवी घेतली असेल, त्याच्या जुन्या गृहपाठाच्या वह्या गटाच्या फार कामी येतात.

स्त्रियांचा गट शक्यतो वेगळ्या वेळी बसवावा. सायंकाळ ही त्यांच्या स्वयंपाकाची वेळ असते; अंगणवाडी सुटल्यानंतरची दुपार त्यांस मोकळी सापडते. घरी पुस्तक उघडले की कोणी ना कोणी काम सांगते, अशी तक्रार स्त्रिया करतात व ती रास्त आहे. ग्रामपंचायतीने समाजमंदिराची एक खोली, एक दिवा व कुलपाचे एक कपाट एवढे दिले तरी पुष्कळ काम होते. कपाटाची किल्ली गटातील एका सभासदाकडे असावी. ती सरपंचाच्या घरी राहिली, तर तो घरी नसलेल्या दिवशी अभ्यास बंद पडतो. गटाची पहिली बैठक माघ महिन्यात, चुरणी संपल्यावर घ्यावी व प्रवेशाचे अर्ज येईपर्यंतच्या दिवसांत दाखले, नावाची दुरुस्ती व बँकेचे खाते ही कामे उरकून घ्यावीत.